दौंडचं कॅरम केंद्र

आमच्या केंद्रातली जुनी माणसं कुणाच्या लग्नात भेटली, की यजमान पंगतीला बोलवून बोलवून दमतात. किस्से संपत नाहीत, आणि प्रत्येकाला आपलाच आधी सांगायचा असतो. आज मध्ये बोलणारं कुणी नाही, तेवढ्यात सांगून घेते.

रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाल्यावर आप्पांनी दौंड स्टेशनजवळ एक खोली घेतली. शाळा सुटलेल्या, स्टेशनवरच वाढणाऱ्या पोरांसाठी. बाहेर बोर्ड लावला, 'वाट चुकलेल्या मुलांचे मार्गदर्शन केंद्र'. मी शिकवायला म्हणून रोज जाऊन बसायचे. कुणी फिरकेना. शेवटी फलाटावर पाण्याच्या बाटल्या विकणारा संतोष म्हणाला, "आप्पा, आत पाय टाकला की वाट चुकलेला ठरतोय. कोण यील?"

आप्पांनी बोर्ड पुसला आणि 'कॅरम' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी बसायला जागा उरली नाही.

*

या संतोषचा हात कुलपांवर फार चालायचा. त्यापायी पोलिसांनी धरलंही होतं. केंद्रात यायला लागल्यावर त्यानं ते सोडलं.

एकदा आप्पांकडून केंद्राची किल्ली हरवली. आम्ही सगळे संतोषकडे बघायला लागलो. तो हाताची घडी घालून उभा राहिला. "हवालदार मामांना बोलवा. त्येंच्या म्होरं उघडतो. मागनं माझ्यावर नको."

हवालदार आले. कुलूप लगेच उघडलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, मग हळूच म्हणाले, "संतोष, आमच्या घरच्या कपाटाचीबी किल्ली गावत न्हाई बघ."

*

पुढे तो कुरकुंभला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेला. साहेबांनी विचारलं, "नाइट शिफ्ट जमेल का?"

"सायेब, दिवसाचीच सवय करावी लागंल."

नोकरी लागली. पेढे आप्पांनी वाटले.

*

नंतर मुलीही यायला लागल्या. त्यातली रेखा शिरूर तालुक्यातली, नववीत शिकणारी. आप्पांना ती स्टेशनवर एकटी बसलेली दिसली. घरात लग्न ठरवलं म्हणून निघून आली होती. आप्पांनी पोलिसांना कळवलं, तिच्या गावातल्या दुकानात फोन करून वडिलांना निरोप ठेवला आणि तिला माझ्या घरी आणलं.

"बाप भांडायला येणार," आप्पा मला म्हणाले. "कायद्याचं तुम्ही सांगा. मी दारात बसतो."

सकाळच्या एसटीनं वडील आले. मेंढरं राखून आता शेतीला लागलेला उंच माणूस, खांद्यावर घोंगडी. रेखा माझ्या मागं लपली. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, असं पाठ केलेलं मी बोलायला लागले.

मी थांबले, तसं त्यांनी घोंगडीखालनं दप्तर काढून रेखापुढं ठेवलं.

"पुस्तकं समदी हायत का बघ. वर भाकर बांधलीय."

मग दाराकडं वळून त्यांनी आप्पांना विचारलं, "हितनं शाळा किती लांब हाय?"