पहिला नंबर विकायचं दुकान

आमच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जाताना एक किस्सा ठेवून जातं. कारण आम्ही नेमकं काय विकतो हेच त्याला शेवटपर्यंत कळत नाही. खाली झेरॉक्सवाला आहे, त्याच्याकडं कागद मिळतो. शेजारी चपलांचं दुकान आहे, तिथं चप्पल मिळते. आमच्याकडं पहिला नंबर मिळतो! म्हणजे कुणी मोबाइलवर "चांगला दातांचा डॉक्टर" असं सर्च केलं की आमच्या डॉक्टरचं नाव सगळ्यात वर दिसलं पाहिजे. एवढंच. पण सर्चवाले त्यांचे नियम सारखे बदलतात, त्याला "अपडेट" म्हणतात. अपडेट आलं की वरचा खाली जातो आणि आमच्या जिन्यावर चपलांचा आवाज सुरू होतो.

दुकान माझ्या मोठ्या भावाचं. मिलिंददादाचं. पाच महिन्यांपूर्वी भोकर रोडवर एका टेम्पोनं त्याच्या गाडीला उडवलं. आता त्याच्या खुर्चीत मी बसतो. शाळा मी नववीतच सोडलेली, त्यामुळं खुर्ची मला थोडी मोठीच होते.

दादा हे काम शिकत होता तेव्हा सरावासाठी त्यानं एक लेख लिहिला होता. केळीवरचा करपा कसा ओळखायचा. करपा म्हणजे केळीची पानं वाळवणारा रोग. लेखाखाली त्यानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. तो लेख बरीच वर्षं पहिल्या नंबरवर होता आणि शेतकऱ्यांचे फोन यायचे. दादाचा मोबाइल आता माझ्या खिशात असतो. लेख वर असला की तो वाजतो आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, "मिलिंदराव हायत का?"

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून तो लेख वर राहायला पाहिजे. बाकी गिऱ्हाइकांचं मुनीरभाई बघतात. ते दादाचे पार्टनर. कॉम्प्युटरचं सगळं त्यांनाच कळतं.

* * *

दादा असतानाची गोष्ट. अर्धापूरचे रंगनाथकाका केळीची रोपं विकतात. एका अपडेटमध्ये ते पहिल्या नंबरवरून थेट चौदाव्यावर गेले. दुसऱ्या दिवशी केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन जिना चढून आले.

"मिलिंदराव, कोणता साहेब बदलला?"

"साहेब नाही काका, नियम बदलले. मशीन ठरवतं सगळं."

"मला नका शिकवू. तहसीलला चाळीस वर्सं चकरा मारल्यात. नवा साहेब आला की पहिल्या दिवशी सगळे टेबल हलवतो. वरची फाइल खाली, खालची वर. सहा महिन्यानं दमतो, मग पुन्हा जिथल्या तिथं. हाव का न्हाई?"

काकांनी घड टेबलावर ठेवला. "हा त्याला पोचवा. म्हणावं अर्धापूरचा माल हाय."

सहा महिन्यांनी खरंच काका परत पहिल्या नंबरवर आले! फोन करून म्हणाले, "भेटला ना घड साहेबाला?"

घड आम्ही तिघांनी दोन दिवसांत संपवला होता. दादा म्हणाला, "भेटला काका. लई गोड होता म्हणाले."

* * *

भोकरच्या एका दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट दादानं अगदी सुरुवातीला केली होती. त्या काळात एक युक्ती चालायची. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच तेच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायचे. माणसाला दिसत नाहीत, मशीनला दिसतात. मशीनला वाटतं, बापरे, इथं दातांचं केवढं मोठं काम चालतं!

पुढं मशीन शहाणं झालं. दादा ती अक्षरं काढायची विसरला. मग मोबाइलमध्ये डार्क मोड आला. पांढरं पान काळं झालं आणि पांढरी अक्षरं चमकायला लागली.

एक आजोबा दवाखान्यात आले, मोबाइल डॉक्टरांच्या नाकापुढं धरला. हसऱ्या फोटोखाली लिहिलेलं, "दात दाढ कवळी स्वस्त दात भोकर दात दाढदुखी दात दात दात..."

"डॉक्टरसाहेब," आजोबा म्हणाले, "मला सातच ऱ्हायलेत. हे बाकीचे कुणाचे काढलेत?"

* * *

किल्लारीकडं एक मंगल कार्यालय आहे. मालक आण्णा. त्यांना मुनीरभाईंनी सांगितलं की आता पाहुण्यांनी दिलेले रिव्ह्यू महत्त्वाचे. जितके जास्त स्टार, तितके तुम्ही वर.

आण्णांनी लगेचच्या लग्नात जेवणाच्या मंडपाच्या दारात दोन माणसं उभी केली. पाच स्टार दिल्याशिवाय ताट नाही! सव्वातीनशे लोकांनी उभ्या उभ्या स्टार दिले. मुनीरभाईंनी दुकानात बसून रिव्ह्यू उघडले तर हे:

"अजून जेवायला सोडलं नाही. पाच स्टार."

"लेकरू रडायलंय. पाच स्टार."

"नवरदेवाचा सख्खा मामा असून अडवलं. पाच स्टार."

मशीननं रात्रीतून सगळे उडवले. मुनीरभाई आण्णांना म्हणाले, "अहो, तज्ज्ञ लोक सांगतात की रिव्ह्यू मनापासून पाहिजे. काय खाल्लं, काय आवडलं, सविस्तर."

"सविस्तर होय?" आण्णा म्हणाले. "करतो की."

पुढच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी माइक हातात घेतला. "सर्वांनी मोबाइल काढा. लिहा. वांग्याची भाजी, स्वल्पविराम, मनापासून आवडली, पूर्णविराम."

त्या दिवशी जेवणात वांगं नव्हतंच!

* * *

दादा गेला त्याच आठवड्यात एक मोठं अपडेट आलं. मला पत्ता नव्हता. मी रोज शंभर वेळा दादाचा लेख उघडून बघत होतो आणि तो पहिल्याच नंबरवर होता. दादाच्या जलदान विधीच्या आदल्या दिवशी मुनीरभाई माझ्या शेजारी बसले आणि स्वतःच्या मोबाइलवर सर्च करून दाखवलं. लेख दुसऱ्या पानावर, खालून तिसरा.

"तुमचा मोबाइल बिघडलाय," मी म्हणालो.

"बंटी, तू सारखा तेच उघडतोस, म्हणून तुझा मोबाइल तुला तेच वर दाखवतो. त्याला तुझं मन माहीत झालंय रे. बाकी दुनियेला कुठं माहीत आहे!"

मी त्यांचा मोबाइल भिंतीवर फेकणार होतो. त्यांनी आधीच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी विधी झाला. वंदना झाली. भन्तेजींचं बोलणं झालं. पाहुणे जेवायला उठणार तेवढ्यात मी उभा राहिलो. "जेवायच्या आधी सगळ्यांनी मोबाइल काढा. दादासाठी एक काम आहे. 'केळीवरचा करपा' सर्च करा, दुसऱ्या पानावर जा, दादाच्या लेखावर बोट दाबा."

पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, सगळे मान खाली घालून केळीचा रोग शोधायला लागले. आत्याला लेख सापडला आणि तिनं पुन्हा हंबरडा फोडला. मामा भलत्याच वेबसाइटवर गेले आणि त्यांनी चुकून फवारणीचा पंप मागवला. तो अजून घरात पडून आहे. वहिनीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तिनंही बोट दाबलं.

संध्याकाळी लेख तिसऱ्या पानावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरला बिराजदार सरांना फोन लावला. ते या विषयाचे क्लास घेतात, दादाही त्यांच्याकडंच शिकलेला. सगळं ऐकून सर म्हणाले, "अरे बाळा, मशीन काय मूर्ख आहे का? एकाच गल्लीतल्या साठ जणांच्या केळीला एकाच मिनिटात रोग कसा लागेल?"

* * *

मग सरांनी उपाय सांगितला. "जुना लेख काढून टाक. नवा लिहून घे. खाली लेखकाचा फोटो, अनुभव टाक. लेखक सध्या सक्रिय आहे असं दिसलं पाहिजे."

मी फोन कापला, गाडीला किक मारली आणि भांडायला लातूरला निघालो. तीन तासांनी क्लासमध्ये घुसलो. दीडशे पोरं. मी दारातूनच ओरडलो, "सर!"

सर फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "शंका शेवटी. मागं जागा आहे, बस."

शाळेची सवय वाईट. मी बसलो!

त्या दिवशी स्टेजवर अजून दोन तज्ज्ञ होते. एक म्हणाले, लेख लांब पाहिजे. दुसरे म्हणाले, आता सगळ्यात वर मशीन स्वतःच उत्तर देतं, लेख कुणी उघडतच नाही, त्यामुळं छोटा पाहिजे. सर म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे, मध्यम पाहिजे.

मग सरांनी त्यांचं पुस्तक दाखवलं. आजवरच्या सगळ्या अपडेटचा प्रश्नसंच, नमुना उत्तरांसह. "पेपर काढणारा बदलतो, पण तो विचारणार काय? फिरून तेच!"

एका पोरीनं हात वर केला. "सर, यातलं आजपर्यंत रिपीट किती झालं?"

"एकही नाही," सर म्हणाले. "म्हणजे आता सगळ्यांची शक्यता वाढली!"

भांडायला गेलो होतो. स्पायरल बाइंडिंगचा प्रश्नसंच काखेत घेऊन परत आलो.

* * *

त्यानंतर तीन आठवडे दादाचा मोबाइल वाजला नाही. एकदा वाजला, तो कर्ज पाहिजे का विचारणारा होता. त्याला मी एवढ्या शिव्या दिल्या की मुनीरभाईंनी खिडकी लावली.

त्याच रागात मी कॉम्प्युटर उघडला आणि दादाच्या लेखाच्या अगदी वर, हेडिंगच्या आधी लिहिलं: "हे ज्यानं लिहिलं तो माझा दादा. तो वारला. फोन आता मी उचलतो. मला केळीतलं काही कळत नाही. तरी फोन करा."

मुनीरभाईंनी वाचलं. "हे सगळ्या नियमांच्या उलट आहे, बंटी." मग चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "राहू दे."

चार दिवसांनी मोबाइल वाजला. पलीकडं बारडजवळच्या एका गावची म्हातारी होती. नाव गयाबाई. नातवानं लेख वाचून दाखवला म्हणे.

"काही कळत न्हाई म्हणून लिवलंस, मग फोन कशाला उचलतोस रे?"

"दादाचा आहे, आजी."

ती म्हणाली, "तुझ्या दादानं अर्धंच लिवलंय. रोगाचं पान कापा म्हणला. कापून टाकायचं कुठं? लोक तिथंच बुडाशी टाकायलेत, अन् रोग पुन्हा वर चढायलाय. वावराच्या भायेर न्यायचं, जाळायचं. लिही."

दादाच्या लेखात चूक काढली म्हणून मी भडकणार होतो. पण ती थांबायलाच तयार नव्हती. मी लिहायला लागलो. पाणी कुठं साचू द्यायचं नाही, खालची किती पानं ठेवायची, फवारा सकाळी का मारायचा.

"लिवलंस? वाचून दाखव."

मी वाचलं.

"किती शिकलास?"

"नववी."

"म्हणूनच इतका येळ लागायलाय. बरं, हे त्या लेखात टाक. नाव दादाचंच राहू दे. मी उद्या फोन करते, दुसऱ्या रोगाचं सांगायचं हाय."

ती रोज फोन करायला लागली. मग तिनं नंबर वाटला आणि बाकीचेही करायला लागले. "तो केळीतलं काही न कळणारा तूच का?" असं विचारायचे आणि मला शिकवायचे. एकानं तर विचारलं, "मिलिंदरावांचा भाऊ हाय का?" मी म्हणालो, हाय.

परवा बिराजदार सरांचा लातूरहून फोन आला. त्यांच्या मोबाइलवर, पोरांच्या मोबाइलवर, सगळीकडं दादाचा लेख पहिला! मशीनचं उत्तरसुद्धा त्याच लेखातून उचललेलं. क्लासमध्ये वाद चालू होता. एक तज्ज्ञ म्हणत होते लांबीमुळं, दुसरे म्हणत होते नव्या अपडेटमुळं. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बंटी, खरं सांग. कोणतं टूल वापरलंस?"

मी म्हणालो, "गयाबाई."

पलीकडं फळ्यावर खडू घासल्याचा आवाज आला.

"आजकाल सगळ्या टूलना बायकांचीच नावं ठेवायलेत," सर पोरांना म्हणाले. मग मला म्हणाले, "फ्री आहे का पेड?"

"फ्री आहे सर," मी म्हणालो. "पण सकाळी सहाला स्वतःच सुरू होतं, आणि बंद करायचं बटण नाही."