शेंदूर फासलेले साग

आता माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मी केस उपटायचे तेवढे बाकी ठेवले होते! शहाण्यानं स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते ऐका.

जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात मी कारकून. मुक्काम मोखाड्याला. काम काय, तर जंगल राखून ठेवायचं. ही राई दरबारच्या इमारतींसाठी, ती ठेकेदारासाठी, पलीकडची पुलासाठी. आणि स्वतः राहायचो कुठे? गळक्या घरात! पावसाळ्यात बायको सगळी भांडी गळतीखाली मांडायची आणि मग स्वयंपाक कशात करू म्हणून माझ्यावरच ओरडायची.

विनवण्या करकरून अखेर हुकूम आला. टेकडीवरचे चार-पाच साग कारकुनाच्या छपरासाठी राखावेत! मी हरखलो. पण कुणी चोरून तोडले तर? राखीव झाडांवरची खात्याची चुन्याची खूण काय, कुणीही पुसेल. मी बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि एकेका बुंध्याला असा थापला की लांबून दिसावा. आता लावा म्हटलं हात!

खरंच कुणी लावला नाही हो!

चैत्रात लाकूडतोडे घेऊन गेलो, तर प्रत्येक झाडापुढे नारळ, फुलं, तांदूळ. गड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या आणि चक्क पाया पडले.

"अरे, तोडा ना!"

"नाय सायेब. देव हाय."

"देव कसला डोंबलाचा? शेंदूर मी लावलाय, मी!"

पाड्याचा म्हातारा पाटील शांतपणे म्हणाला, "मानसानंच लावाचा असतो ना, रावसायेब. देव सोता थोडाच लावतो?"

आता बोला!

"बरं, मग ते पलीकडचे तोडा."

"ते दरबारचे राखीव हायत."

कुणी राखले? मीच!

तणतणत जव्हारला गेलो. वरिष्ठ म्हणाले, "देवाच्या झाडावर कुऱ्हाड घालायचा हुकूम मी देऊ? आणि तुमच्या वाटणीची झाडं तुम्हाला दिली की हो!" घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, देव तुम्हीच बसवलात ना? मग त्यालाच सांगा घर शाकारायला."

आषाढात धो धो पाऊस. मी घरात, माझ्याच ओटीवर, छत्री उघडून बसलेलो. तेवढ्यात पाटील अख्खा पाडा घेऊन दारात हजर.

"रावसायेब, देव भिजतोय. वर मांडव घालाचा हाय. राखीव बांबू तोडाची परवानगी द्या."

"अहो, झाड आहे ते! पावसात झाड भिजणारच!" मी किंचाळलो.

"झाड नाय. देव."

आतून बायकोचा आवाज आला, "देवाच्या कामाला नाही म्हणू नका हो!"

काय करतो? एका हातानं छत्री धरली, दुसऱ्यानं सही ठोकली. त्या पावसाळ्यात मोखाड्याच्या अख्ख्या मुलखात नवं छप्पर एकच झालं, आणि ते माझ्या सागांवर!