सजावटीचं चित्र

विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली तळघरात एक खोली आहे. ज्या विद्यार्थ्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांची पुस्तकं तिथे तयार होतात, निदान व्हायला हवीत. दारावरच्या पाटीवर चार हसरे चेहरे आहेत. आत तसा एकही सापडणार नाही. आत सहा कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा स्कॅनर आणि तासावर काम करणारे सहा विद्यार्थी. प्राध्यापक मंडळी पानं पाठवतात ती तिरकी, काळपट आणि कडेला स्वतःच्या अंगठ्यासकट. एवढं शिकलेल्या माणसाला पुस्तक सरळ धरता येत नाही, हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने एक दिवस त्या खोलीत बसावं.

तिथल्या एका मुलीला सगळे मास्तरीण म्हणत. दुसऱ्याच्या पडद्यावरची चूक तिला पाठमोरं बसूनही दिसायची, आणि दिसली की ती बोलल्याशिवाय राहायची नाही. सदान्‌कदा नाकाने कांदे सोलणारी. पण काम चोख, हे तिच्या शत्रूंनाही मान्य होतं. तळटीप असो की तक्ता, तिच्या हातून काही सुटत नसे.

तिच्या शेजारच्या खुर्चीत जांभई बसायचा. त्याचं हे नाव कसं पडलं ते वेगळं सांगायला नको. पुस्तकातल्या प्रत्येक चित्रामागे एक चौकट असते. चित्रात काय आहे ते त्या चौकटीत शब्दांत लिहायचं, म्हणजे कॉम्प्युटर ते वाचून ऐकवतो. जांभई सगळ्या चौकटींत 'आकृती' एवढंच लिहायचा. आलेख असो, नकाशा असो, बेडकाचं पोट असो, सगळं आकृती. चौकट भरली की तपासणारा प्रोग्राम हिरवी खूण देई आणि हिरवी खूण दिसली की या खात्याचे साहेब खूश. साहेबांनी सगळी नोकरी हिरव्या खुणा बघण्यात काढली होती. खुणेमागचं पान उघडून बघावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

घरी जेवताना मास्तरीण या सगळ्यांचा उद्धार करायची.

"आज काय, तर नदीच्या नकाशाला आकृती लिहिलं त्याने. ऐकणाऱ्याने काय समजायचं?"

"तुला कुणी कधी बरं वाटलंय का गं?" आई विचारायची.

"बरं असेल तर वाटेल ना."

थोरला भाऊ खाली मान घालून जेवत राहायचा. तिच्या तावडीत सापडायची त्याला हौस नव्हती.

ऐकणाऱ्यांची नावं खोलीत कुणाला कळत नसत, फाइलीवर नुसते नंबर. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाचा सत्तावीस नंबर मात्र खाली येऊन मास्तरणीला भेटून गेला होता. काठी घेऊन जिना उतरून आला आणि म्हणाला, "तुमची पुस्तकं लगेच ओळखू येतात. बाकीच्यांची ऐकताना हातात चाळणी घेऊन बसावं लागतं." मास्तरीण त्यावर आठवडाभर मिरवली.

या सत्तावीसचं गणित साधं होतं. एका विषयात जरी नापास झाला तरी वर्ष जाणार आणि वसतिगृहातली खोलीही जाणार. घर इतकं लांब की खोली गेली म्हणजे शिक्षणच गेलं.

त्याचं कामगारांच्या इतिहासाचं पुस्तक मास्तरणीकडे आलं. लिहिणारे त्याच विभागाचे प्राध्यापक. पहिल्याच पानावर अंगठा बघून तिचं डोकं फिरलं. पुढे शंभर पानं रटाळ मजकूर, आणि मग एक जुना फोटो, कुठल्याशा कारखान्यातला. बसलेल्यांची एक रांग, मागे उभ्यांची दुसरी. "मिशाळ म्हाताऱ्यांची रांग," ती पुटपुटली, "पान भरायला घातलीय." चौकटीखाली 'सजावटीचं' असा एक पर्याय असतो. तो असतो वेलबुट्टीसाठी, पानाच्या कडेच्या नक्षीसाठी. तो निवडला की कॉम्प्युटर चित्राबद्दल चकार शब्द काढत नाही. ऐकणाऱ्याच्या लेखी तिथे चित्रच नसतं. मास्तरणीने तोच निवडला. फोटोखालची ओळही फोटोतच छापलेली होती, तीही गेली. जांभईने निदान 'आकृती' म्हटलं असतं, म्हणजे इथे काहीतरी आहे एवढं तरी कळलं असतं. मास्तरणीने तेवढंही ठेवलं नाही. प्रोग्रामने हिरवी खूण दिली.

परीक्षेत वीस गुणांचा प्रश्न त्याच फोटोवर आला. कोण बसलंय, कोण उभं आहे, आणि त्यावरून त्या कारखान्याबद्दल काय कळतं? सत्तावीसने कोरं पान दिलं आणि आठ गुणांनी नापास झाला. त्याने अर्ज केला, 'माझ्या पुस्तकात असा फोटो नव्हता.' परीक्षा समितीने खात्याला लेखी विचारलं. पुस्तक अपुरं होतं असं खातं म्हणालं, तर त्याचा पेपर पुन्हा घेणार होते.

साहेबांनी पत्र तयार ठेवलं होतं. साहित्य पूर्ण होते, खाली तयार करणाऱ्याची सही.

"हिरवी खूण आहे ना? मग पूर्ण. करा सही."

"एकदा फाइल बघते," मास्तरीण म्हणाली.

तिने पान उघडलं. सजावटीचं. खाली तिचंच नाव आणि तारीख. शेजारी जांभई मान लांब करून बघत होता. खरं सांगितलं असतं तर साहेबांनी दोन शब्द सुनावले असते, जांभई महिनाभर हसला असता, आणि त्या मुलाचं वर्ष वाचलं असतं. एवढाच काय तो हिशोब. पण जांभईने हसावं, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

तिने पडदा जरा फिरवला आणि लिहायला बसली. पुढे खुर्च्यांवर पाच अधिकारी, बूट घातलेले. मागे अकरा कामगार उभे, अनवाणी. उजव्या टोकाला एकच बाई, तिचा अर्धा चेहरा फोटोच्या कडेने कापला गेलेला. मिशी फक्त दोघांना. इतकं सुरेख वर्णन तिने आजवर लिहिलं नव्हतं. मग फाइल साठवली, जुनीच्या जागी नवी ठेवली आणि आता सगळं खरंच पूर्ण आहे, असं स्वतःला बजावून सही ठोकली. हलकटपणा करतानाही तो नीटनेटका हवा, ही तिची सवय.

चार दिवसांनी काठीचा आवाज जिन्यावरून खाली आला. हा आता चारचौघांत वाभाडे काढणार, असं मास्तरणीला वाटलं.

"माफी मागायला आलोय," सत्तावीस म्हणाला. "अर्जात मी तुमच्या कामाला नावं ठेवली."

तिने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"पत्रावर सही तुमची आहे असं समितीने सांगितलं, तेव्हाच मला माझीच शंका आली. काल फाइल पुन्हा मागवून ऐकली. फोटो आहे की तिथे. बूट, अनवाणी पाय, ती कडेची बाई, सगळं." तो ओशाळून हसला. "भराभर ऐकायची वाईट खोड आहे मला. माझ्याच बोटाने पुढे ढकललं असणार. अर्ज मागे घेतला मी. परवा खोली सोडतोय."

जांभईने तिच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"एवढं छान लिहिलं होतंत तुम्ही," सत्तावीस म्हणाला, "आणि मी ऐकलंच नाही."

"होतं असं कधीकधी," मास्तरीण म्हणाली.