जहाजावरच्या दोरीच्या गाठी

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एका मेलेल्या माणसानं मारलेल्या गाठी सोडवल्या, ती दोरी पिवळ्या साबणानं खसाखसा धुतली आणि तिच्यावर नवऱ्याची लुंगी वाळत घातली. सगळं एका दुपारात. आणि वर आपणच दारात जाऊन उभी राहिले, नवरा ड्यूटीवरून आला की शाबासकी देईल म्हणून.

नातवंडं मला आता खट्याळ म्हातारी म्हणतात. तेव्हाची ती बाई पाहिली असती तर त्यांनी हात टेकले असते. वर्ध्याकडच्या खेड्यातून आलेली, समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. मुलगा नेव्हीत होता असं मध्यस्थानं सांगितलं तेव्हा माझ्या आजीनं विचारलं, नावाड्याच्या घरी पोरगी द्यायची का. मीही बरेच दिवस तेच धरून चालले होते, की हे कुठल्यातरी मोठ्या घाटावर लोकांना पार नेत असतील.

हे जहाजाच्या इंजिनावर कामाला होते. तिथली मुदत संपली आणि भिलईच्या कारखान्यात लागले. तेव्हा आमचं भिलई मध्य प्रदेशात होतं. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे अंगण, अंगणात कपड्यांची तार. कारखान्याची लाल धूळ तारेवर बसायची, पावसात तार गंजायची आणि पांढऱ्या कपड्यांवर तपकिरी रेघा उठायच्या. मला त्या रेघांचं भारी दुःख होतं. आयुष्यात दुसरं काही दुःख नसलं की रेघाही पुरतात.

जहाजावरचं सगळं यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. टोपीची काळी फीत, तिच्यावर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव. नांगर कोरलेली पितळी बटणं. एक पोचे पडलेला मग, त्यातून म्हणे रम प्यायचे. डेकवर ओळीत उभ्या पोरांचा फोटो. आणि एक जाड पांढरी दोरी, तिच्यात गाठीच गाठी. पेटीला कुलूप नव्हतं. हे कधीमधी उघडायचे, पाहायचे, बंद करायचे. मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

माहेरी माझी ख्याती गुंता सोडवण्याची. लोकरीचा असो, केसांचा असो, मांज्याचा असो, हाक मलाच. त्या दोरीत एक गाठ चपटी होती, एक वेणीसारखी, आणखी कितीतरी तऱ्हेच्या, आणि टोकाला लिंबाएवढी गोल. मला सगळा गुंताच दिसला. ही एवढी लांब, मजबूत, न गंजणारी दोरी पेटीत सडवायची? स्वेटरची सुई घेतली, दोरी पायाच्या अंगठ्यात धरली आणि बसले. ती गोल गाठ काही केल्या सुटेना. बांधणारा कोण ते मला ठाऊक नव्हतं, पण मी त्याला शिवी हासडली. मेल्या, म्हणाले, काय जीव खाऊन बांधलंस. खरंच तसं म्हणाले.

हे आले. अंगणात गेले. मी मागे मागे, सुईची करामत सांगत. यांनी दोरीवरची लुंगी काढली, तिच्याशेजारी वाळत असलेलं माझं लुगडं काढलं, ओलेच कपडे घडी करून खाटेवर ठेवले. मग दोरी सोडली आणि हातातून सरकवत शेवटाला आले.

"गोल गाठ कुठं आहे?"

"सोडवली नं जी. थेच तं सगळ्यात कठीण होती."

मग यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. जहाजावर यांच्या शेजारच्या बिछान्यावर गोंदियाकडचा एक पोरगा झोपायचा. रिकामा असला की या दोरीवर गाठी मारत बसायचा. समुद्र खवळलेला असताना तो डेकवरून पाण्यात गेला. पुष्कळ शोधलं, मिळाला नाही. दोरी बिछान्यावर राहिली ती यांनी उचलली. त्याच्या आईला तसं पत्रानं कळवलं, आणि आता येत्या रविवारी ती दोरी न्यायला येणार होती. भाचीच्या लग्नाला दुर्गला आली होती, तिकडून निरोप धाडला होता.

माझं शहाणपण अजून संपलं नव्हतं. मी म्हणाले, "मंग तुमीच मारा नं गाठी. तिले काय समजते?"

"मले येतात गाठी. पन त्या माह्या होतीन."

तरी यांनी करून पाहिलं. संध्याकाळी व्हरांड्यात बसायचे. जिथे जिथे गाठ होती तिथे दोरी धुतल्यावरही वाकडीच राहिली होती. त्या वाकांवरून बोट फिरवत, जुनी वाट शोधत ते गाठी मारायचे. गोल गाठीपाशी आले की थांबायचे आणि पुन्हा सगळ्या सोडून टाकायचे. मी झुणका केला, भाकरी केली. हे जेवले. माणूस रागावला तर त्याची समजूत काढता येते. हे रागावलेच नाहीत, आणि पुढेही समुद्राचा शब्द माझ्यासमोर कधी काढला नाही.

रविवारी ती आली, सायकल रिक्षानं. लग्नघरातली हळद अजून कपाळाला होती. काखेत कापडी पिशवी, रिकामी. दोरी न्यायला आणलेली. चहा नको म्हणाली. यांनी ती सरळ दोरी तिच्या मांडीवर ठेवली. "माय, गाठी होत्या हिले," एवढं म्हणाले आणि आत निघून गेले.

उरलेलं मी सांगितलं. मला काहीही सांगताना हसवायची खोड, तेव्हाही होती. सुई सांगितली, पायाचा अंगठा सांगितला. 'मेल्या' तेवढं गाळलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. दोरी बोटांतून हळूहळू ओढत राहिली. वाक आला की थांबायची, तिथे अंगठा दाबून धरायची, मग पुढे. टोकाला पोचली तेव्हा तिनं ते टोक नाकाशी नेलं.

"धुतली का वं?"

मी मान हलवली. तिनं दोरी पिशवीत भरली, पिशवीचं तोंड मुठीत आवळलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाली,

"सरकारातून त्याची पेटी आली, तं कपडे धुऊन इस्तरी करून धाडले होते. मी कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या, कुठंच नव्हता. मंग म्हटलं दोरी तरी आहे त्याच्या हातची. आता थे बी तुनं धुऊन ठेवली. माह्यं पोरगं मले कोनीच मळलेलं देल्लं नाही, बाई."