मास्टरजींच्या कमरेचा पट्टा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगायला एक-दोनदा बसले होते — आणि भलतंच काहीतरी सांगून उठले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर आत्ताही मी लखनौच्या उन्हाळ्यावर बोलत बसले असते. विषय टाळण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.

माझ्या फिजिओथेरपीच्या पदवीवर ‘ऑनर्ससह’ असं छापलेलं आहे. इथल्याच एका खासगी विद्यापीठाची पदवी. ऑनर्स हवं असेल तर दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांच्या वर राहायचं, कुठलाही पेपर दुसऱ्यांदा द्यायची वेळ येऊ द्यायची नाही, शेवटच्या वर्षी एका पेशंटवर केलेलं काम परीक्षकांसमोर मांडायचं. आणि हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये नावावर एकही शेरा पडू द्यायचा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात छळायची. अभ्यास आपल्या हातात असतो. शेरा? तो एखाद्या वाईट सकाळी पडतो आणि चार वर्षं पाण्यात जातात.

बाबा रेल्वेत इंजिनिअर. भुसावळहून बदली होऊन आम्ही इथे आलो आणि वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहिलो. बाबांनी माझं ऑनर्स मिळायच्या आधीच सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. पण त्यांना यात ओढणं बरोबर नाही. हाव माझीच होती, चांगली पोटभर.

रश्मी माझी मैत्रीण. अलीगंजची. पहिल्या वर्षापासून आमची जोडी — पोस्टिंगला एकत्र, डबा एकत्र. दुसऱ्या वर्षी ऐन परीक्षेत तिला टायफॉइड झाला, एक पेपर राहिला, नंतर दिला, उत्तम मार्कांनी पास झाली. पण ऑनर्स गेलं ते गेलंच. ती रडली नाही. आमच्याकडे यायची, ओट्यापाशी उभी राहून आईच्या हातचं थालीपीठ खायची, आईला काकू म्हणायची. आई तिच्याशी मोडकंतोडकं हिंदी बोलायची आणि ती आईशी हट्टाने मोडकंतोडकं मराठी. मला दोघींची मजा वाटायची.

आमच्या बॅचमध्ये एक रीत पडली होती. कोणी पाडली माहीत नाही. ज्यांचं ऑनर्स आधीच गेलंय त्यांनी ज्यांचं शिल्लक आहे त्यांच्या बारीकसारीक चुका अंगावर घ्यायच्या. शेकायची पिशवी फाटली, शेकायच्या मेणाचं भांडं तापत राहिलं, कोणी उशिरा आलं — की यातलं कोणीतरी पुढे व्हायचं, दोन शब्द ऐकून घ्यायचं, संपलं. बदल्यात समोसे. रश्मीने माझ्यासाठी हे कितीदा केलं! “हमारा तो वैसे भी गया,” ती म्हणायची, “हम बोल देंगे।” मी आभारही मानायचे नाही. सवय झाली होती.

आता मास्टरजी. अलीगंजच्या एका शाळेतून निवृत्त झालेले. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडलेली, वाचाही गेलेली. प्रेझेंटेशनसाठी मी त्यांना निवडलं होतं. बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं समजायचं. पाणी हवं का विचारलं की मान हलवायचे. मी डावं-उजवं चुकले की डोळ्यांनी हसायचे. शिक्षकच ते. महिन्याभरात ते बिछान्यातून उठून पावलं टाकायला लागले. त्यांच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधायचा आणि आमच्यातल्या एकीने तो मागून धरून ठेवायचा. पेशंट चालत असताना पट्टा सोडायचा नाही — हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

त्या दिवशी पट्ट्याची पाळी रश्मीची होती, निरीक्षणं लिहायची माझी. पण मला प्रेझेंटेशनसाठी व्हिडिओ हवा होता. मास्टरजी चालताहेत आणि मागे कोणाचाच हात नाही, असा. परीक्षक थक्क झाले असते. रश्मीने ते करू दिलं नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिला खुर्ची आणायला पाठवलं आणि पट्टा माझ्याकडे घेतला. जाताना तिने माझी मूठ नीट आवळलेली आहे ना, ते पाहिलं. ती दाराबाहेर गेली आणि मी पट्टा सोडला. मोबाईल काढला.

ते चालले हो — खरंच चालले. दोन-तीन पावलं. मग कलले आणि उजव्या अंगावर पडले. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही.

रश्मी खुर्ची घेऊन धावत आली, पाठोपाठ विभागप्रमुख सर. त्यांनी एवढंच विचारलं, बेल्ट कोणाच्या हातात होता?

“रश्मी के हाथ में था, सर,” मी म्हटलं.

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, जी सर. तिला वाटलं, नेहमीसारखंच आहे. सर ओरडतील, संध्याकाळी समोसे खाऊ. एक्स-रे अजून व्हायचा होता. खुब्याचं हाड मोडलंय हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मग मी सगळ्यात आधी काय केलं? बाथरूममध्ये जाऊन तो व्हिडिओ डिलीट केला.

इथवर आले की मी स्वतःला नेहमी एक गोष्ट सांगते — घाबरले होते, तोंडातून निघून गेलं. निघून गेलं असेलही. पण पुढच्या चार दिवसांचं काय?

हाड मोडल्याचं कळलं तशी चौकशी लागली. मास्टरजींचा मुलगा चिडला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. हे प्रकरण आता दोन शब्द ऐकून संपणारं नव्हतं. शेवटच्या परीक्षेनंतरची इंटर्नशिप रोखणार, म्हणजे पदवीच लांबणार, अशी कुजबूज सुरू झाली. चौकशीच्या आदल्या दिवशी रश्मी आमच्या घरी आली. तिने काही मागितलं नाही, भांडलीही नाही. आईसमोर हिंदीत सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि मला म्हणाली, कल तू खुद बता देना, हमारे कहने से कोई नहीं मानेगा। आईचं तोंड उतरलं. तिने मराठीत विचारलं, “काय गं, खरंय का हे?”

मी आईकडे बघत मराठीतच म्हणाले, “खोटं बोलतेय ती, आई. स्वतः अडकलीय म्हणून मला ओढतेय. हिला आता घरात घेऊ नकोस.”

मराठीत का बोलले? तिच्यासमोर तिच्याचबद्दल असं बोलता यावं म्हणून. जणू ती तिथे नव्हतीच. आमच्याच ओट्यापाशी तीन वर्षं उभी राहून ती मराठी शिकली होती, हे मला आठवलं नाही? आठवलं असणार. मला त्याची पर्वा नव्हती, हेच खरं.

रश्मी उठली. चप्पल घालताना तिचा हात भिंतीला टेकलेला होता. “काकू, मी येते,” ती म्हणाली. आईने तिच्यामागे दार लावून घेतलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. आई अजूनही रश्मीचं नाव घेत नाही, आणि कोणी घेतलं तर सांगते, मुलगी गोड होती पण मनाने खोटी. मी ऐकते. भाजी निवडत असले तर निवडत राहते.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. सर आणि आणखी दोघं जण. रश्मीने खरं सांगितलं, पण आधी ‘जी सर’ म्हणून बसलेल्या मुलीचं कोण ऐकणार? मी आपलं तेच सांगितलं, शांतपणे. मग त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, पेशंटलाच का विचारत नाही? बोलता येत नाही, सर म्हणाले. बोलता येत नाही, पण समजतं का, बाईंनी विचारलं. उत्तरासाठी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेशंट माझा होता.

त्यांना सगळं समजतं हे त्या खोलीत फक्त मला आणि रश्मीला माहीत होतं, आणि तिचं कोणी मानणार नव्हतं. एकेका मुलीचं नाव घेऊन त्यांना मान हलवायला सांगायचं, बास. रश्मी माझ्याकडे बघत होती.

“नहीं मैडम,” मी म्हटलं, “कुछ नहीं समझते।”

हे सांगायचं होतं. पट्ट्याचं नव्हे — हे.

रश्मीची इंटर्नशिप रोखली, वर्ष गेलं. अमीनाबादजवळच्या एका दवाखान्याने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, ते फिसकटलं. त्या वर्षात ती कॉलेजमध्ये दिसायची, ज्युनियर मुलींबरोबर, खाली बघून चालायची. आमच्या बॅचचंही कोणी तिच्याशी फारसं बोलायचं नाही. नंतर ती कानपूरला गेली असं ऐकलं. मास्टरजी पुन्हा चालले नाहीत. एकदा ओपीडीबाहेर व्हीलचेअरवर दिसले. मी नमस्कार केला. त्यांनी मान फिरवली — अगदी पूर्ण, दुसऱ्या बाजूला.

माझं प्रेझेंटेशन पहिलं आलं. परीक्षकांसमोर, मास्टरजींच्याच केसवर, मी स्पष्ट आवाजात सांगितलं होतं की वाचा गेलेली असली तरी या पेशंटची समज पूर्णपणे शाबूत होती, आणि म्हणूनच पडण्याआधीच्या महिन्याभरात माझ्या व्यायामांचा त्यांना इतका फायदा झाला. विभागप्रमुख सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. क्षणभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी खाली बघून मार्क लिहिले, आणि मी पुढची स्लाइड लावली.