नथूचं मौनव्रत

कोळवणच्या नथूची अर्धी जीभ डॉक्टरांनी कापली आणि हाताचं मांस काढून तिथे नवी बसवली. तंबाखूची ही कमाई. नव्या जिभेला ना चव, ना वळण. आधी नाकातल्या नळीने पेज. पुढे हनुवटी छातीला टेकवून, श्वास धरून एकेक चमचा खिमट गिळायचं. घोट चुकला की खोकून जीव अर्धा व्हायचा. बोलण्याचा सराव लेक शुभांगी करून घ्यायची, समोर आरसा धरून. अक्षर निसटलं की पुन्हा म्हणायला लावायची, आणि नथू मुकाट म्हणायचा. त्याला एकच हौस होती. हिच्या साखरपुड्यात "आजपासून लेक तुमची" हे आपणच म्हणायचं आणि व्याह्यांच्या हातचा पेढा सगळ्यांदेखत गिळायचा. सरावाने दोन्ही जमू लागलं. बोलणं ओबडधोबड, पण कळण्याजोगं.

महाळुंग्याचं स्थळ जुळलं. साखरपुड्याच्या सकाळी थोरला मुलगा निरंजन पुढ्यात येऊन बसला.

"आबा, आज बोलू नका. तुमी मौन धरलंय, असं सांगितलंय त्यांना. अन् उपास हाय म्हणून खात न्हाई."

"का?"

"क्यान्सरचं कळलं तर म्हणतील, घराण्यातच हाय. स्थळ मोडंल."

नथूने शुभांगीकडे पाहिलं. ही तरी आपली बाजू घेईल, असं त्याला वाटलं होतं.

"मीच सुचवलं, आबा," ती बांगड्या सारख्या करत म्हणाली.

मानेवरचा व्रण उपरण्याने झाकून नथूला खुर्चीत बसवलं. एवढा सत्पुरुष व्याही मिळाला म्हणून पाहुणे रांगेने पाया पडले. बापाचे शब्द चुलतभाऊ कोंडिबा बोलला, तेही निम्मे विसरून. नथू हात वर करून आशीर्वाद देत राहिला. तोच हात एकेकाच्या टाळक्यात हाणावा, असं त्याला वाटत होतं.

मौन लग्नापर्यंत लांबलं, मग पहिल्या दिवाळसणापर्यंत, मग डोहाळजेवणापर्यंत. सराव सुटला, जीभ आखडली. घरच्यांनाही त्याचं गप्प बसणं सोयीचं वाटू लागलं.

शुभांगी बाळ घेऊन माहेरी आली.

"आता बोला, आबा. मी यांना समदं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या चुलत्यालाबी झालता, लपवायचं काय त्यात?"

नथूने नातवावर वाकून तोंड उघडलं. नुसती घरघर आली आणि लाळ बाळाच्या कपाळावर पडली. शुभांगीने बाळ मागे ओढलं, त्याचं कपाळ पुसलं आणि तोच रुमाल बापापुढे टाकला.