टोझाकाकांच्या घरचे गहू

लेस्कोवात्सच्या सूतगिरणीतल्या बायका शिफ्ट सुटल्यावर कोळशाच्या आवारात चेंडू लाथाडायच्या, तेव्हा अख्खं गाव खिदळायचं. पुढे त्यांचा 'प्रेल्ये' म्हणजे सूत कातणाऱ्यांचा फुटबॉल क्लब झाला, नऊ वेळा देशात पहिला आला. गिरणीला टाळं लागलं तरी क्लब टिकला. गावाचं हसू केव्हाच ओसरलं. टोझाकाका मात्र त्या हसण्याच्या धाकातच राहिले.

ते त्या क्लबचे मैदानवाले. सव्वीस वर्षं चुन्याच्या रेषा मारल्या, जाळ्या सांधल्या, चिखलाचे मोजे धुतले. पण खानावळीत डोमिनो खेळताना मित्रांना सांगायचे की, आपण पुरुषांच्या टीमचं मैदान बघतो. एकदा बोलून बसले, मग निभावत राहिले.

मुलींचा त्यांच्यावर जीव. दर हिवाळ्यात विचारायच्या, काका, तुमच्याकडे स्लावा कधी? घराण्याच्या संताचा तो सण. त्याला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला दिवस माहीत तो आपणहून येतो. त्या आल्या तर मित्रांसमोर बिंग फुटणार, म्हणूनच काकांनी दिवस कधी कळू दिला नाही. वडील कम्युनिस्ट पार्टीचे कट्टर होते, आमच्याकडे सण बंदच पडला, असं ठोकून दिलं. डोमिनोच्या टेबलापायी माणसानं घरचा संत नाकारला.

यंदा संत निकोलाच्या दिवशी रुझाकाकूंचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून सणाचा पाव बेकरीतून मागवला. मेणबत्ती पेटली, टेबलावर मासा आला, मिलुतिन आणि डोमिनोचे आणखी दोघे मित्र जेवायला बसले. काका उभे, त्या दिवशी यजमानानं बसायचं नसतं. तेवढ्यात दार वाजलं. पाव घेऊन विदोसावा आली होती. प्रेल्येची गोलकीपर, सकाळी बेकरीत कामाला. तिच्या मोडक्या बोटाला काकांनीच कितीदा पट्टी बांधली होती.

तिनं आतली मेणबत्ती पाहिली, मग काकांकडे पाहिलं.

"कोण आहे रे?" मिलुतिननं आतून विचारलं.

"बेकरीतली मुलगी," काका म्हणाले.

दारात आलेल्याला आधी साखरेतले शिजवलेले गहू चमचाभर द्यायचे असतात. पोस्टमनसुद्धा त्यातून सुटत नाही. वाडगा हाताशीच होता. काकांच्यानं तो उचलवला नाही.

"सण सुखाचा जावो, यजमान," एवढं म्हणून ती गेली. 'काका' म्हणाली नाही.

खिडकीतून तिची पाठ पाहून मिलुतिनचा घास हातातच राहिला. "ही तर आपली गोलकीपर. हिला दारातूनच परत पाठवलंस?"

काकांनी दार लावून घेतलं.

"इतकी वर्षं कुंपणापलीकडून आम्ही तुला रेषा मारताना बघतोय, टोझा. तू पुरुषांची टीम म्हणायचास, आम्ही मान डोलवायचो. वाटायचं, याला त्या पोरींची लाज वाटते. जाऊ दे, त्याचं तो जाणे."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि जिला दुखवायचं नव्हतं तिलाच दुखवून बसले होते. घरात पाहुणे, मेणबत्ती जळतेय, आणि यजमान वाडगा घेऊन सपातांवरच बाहेर पडला. असं त्या गावात कुणी केलं नव्हतं.

मैदानावर सराव चालला होता. काकांना पाहून विदोसावा हातमोजे काढत आली. वाटेत त्यांनी पुष्कळ शब्द जुळवले होते. निघाले ते एवढेच.

"चुकलं माझं, पोरी. आज आमचा स्लावा आहे. दरवर्षी असतो."

तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, चमचाभर गहू खाल्ले, बराच वेळ चावले. मग बाकीच्यांना हाक मारली.

"या गं, खाऊन घ्या. आमच्या बेकरीच्या गिऱ्हाइकाकडचे आहेत."

एकेक जण आली आणि खाऊन गेली. एका नव्या पोरीला काही कळलं नव्हतं. म्हातारा दमला असेल म्हणून तिनं बाक पुढे सरकवला. काका बसले नाहीत. वाडगा रिकामा होईपर्यंत ते त्यांनीच मारलेल्या रेषेवर, मान खाली घालून उभे राहिले.